नियम पाठ, वाक्य मात्र येत नाही

एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. त्या लिहितात :

‘मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. माझी मुले व्हॉइस बदलतात, डायरेक्ट-इनडायरेक्ट करतात, गाळलेल्या जागी आर्टिकल भरतात आणि त्याचे गुणही मिळवतात. पण स्वतःच्या गावाविषयी पाच वाक्ये लिहा म्हटले की त्यांचा हात थांबतो. शब्दांच्या याद्या पाठ होतात आणि चाचणीनंतर विसरल्या जातात. “बाई, स्कूलमध्ये सी-एचचा उच्चार क का?” असे कोणी विचारले तर “इंग्रजीत असेच असते” एवढेच उत्तर मला देता येते. भाषण लिहायला सांगितले, तर विषय कोणताही असो, संपूर्ण वर्ग तीच ठरावीक सुरुवात आणि तोच ठरावीक शेवट लिहून देतो. तासिका मोजक्या आहेत. यातले आधी काय हाती घेऊ? आणि इंग्रजीच्या तासाला मराठी बोलले की मुलांचे इंग्रजी बिघडते असे माझे सहकारी सांगतात, ते खरे आहे का?’

सप्रेम नमस्कार.

व्याकरण, शब्द आणि भाषणलेखन या तीन अडचणी तुम्ही वेगवेगळ्या मांडल्या आहेत आणि त्यांतली पहिली कोणती, असे विचारले आहे. माझ्या मते ही अडचण एकच आहे, म्हणून क्रम लावण्याचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या मुलांना प्रत्येक वेळी ‘हे कसे बदलायचे’ एवढेच शिकवले गेले आहे. लिहिणाऱ्याने अनेक रूपांतून हेच रूप का निवडले, हा प्रश्न त्यांच्यासमोर कधी आलेलाच नाही. कर्मणी वाक्य का वापरले, अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द का घेतला, भाषणाच्या शेवटी विधान न करता प्रश्न का विचारला, हे तिन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. आणि अशी निवड तुमचा प्रत्येक विद्यार्थी दिवसभर मराठीत सफाईने करत असतो. म्हणूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो : इंग्रजीच्या तासाला मराठी अवश्य आणा, पण भाषांतरासाठी नव्हे, तुलनेसाठी. धड्यातील ओळ वाचायची आणि लगेच तिचा मराठी अर्थ सांगायचा, या पद्धतीने मुले इंग्रजी वाक्याकडे पाहणेच सोडून देतात, कारण मागून मराठी येणारच आहे हे त्यांना ठाऊक असते. तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप या पद्धतीवर असेल तर तो रास्त आहे. दोन भाषांतील दोन वाक्ये फळ्यावर शेजारीशेजारी लिहून फरक शोधायला लावणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

आरंभ अगदी साध्या वाक्याने करता येईल. ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ ही दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहा आणि कोण मेले ते विचारा. उत्तर दोन्ही वेळा एकच येईल, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय नामाला चिकटलेले आहेत आणि नाम वाक्यात कुठेही गेले तरी आपली ओळख बरोबर घेऊन जाते. आता ‘राम किल्ड रावण’ या वाक्यातील दोन नावांची अदलाबदल करा. रामायणच उलटे होते. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय उरलेले नाहीत, म्हणून तिथे शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती आहे. एवढे एकदा पटले की ‘वाक्यात आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म’ हा नियम न राहता गरज होते, आणि ‘आय मँगो एट’ असे लिहिणाऱ्या मुलाला आपण नेमके कुठे घसरलो ते स्वतःच सांगता येते.

व्हॉइसच्या बाबतीत मराठी माध्यमाच्या मुलांचा एक खास गोंधळ होतो आणि त्याचे मूळ आपल्याच व्याकरणाच्या तासात आहे. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असे त्यांना सांगितलेले असते. पण ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते. आणि हा प्रयोग कोणी निवडलेला नसतो, सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आला की बहुधा तो आपोआप येतो. त्याचे इंग्रजी मात्र ‘आय एट अ मँगो’ असे सरळ अॅक्टिव्ह होते. इंग्रजी पॅसिव्हला जवळचे मराठी वाक्य म्हणजे ‘रावण रामाकडून मारला गेला’, ज्याला आपली व्याकरणाची पुस्तके नवीन कर्मणी म्हणतात आणि जे कोणत्याही आजीच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. म्हणून मुलांपुढे ‘कर्मणी’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा आणि त्यांना सहज येणारी वाक्ये द्या : ‘माझी सायकल चोरीला गेली’, ‘पूल गेल्या वर्षी बांधण्यात आला’, ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की उद्या पाणीपुरवठा बंद राहील’. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : करणारा कोण, आणि तो वाक्यात का नाही? सायकलचा चोर माहीत नाही; पूल बांधणाऱ्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही; आणि पाणी बंद करण्याचा निर्णय कोणाचा, हे सूचना लिहिणाऱ्याला बहुधा सांगायचेच नाही. कर्ता अज्ञात असणे, अनावश्यक असणे आणि लपवायचा असणे ही पॅसिव्हची तीन मुख्य कारणे मुलांच्या हाती अशी त्यांच्याच मराठीतून लागतात. मग ‘माय सायकल वॉज स्टोलन’ हे वाक्य त्यांना नवीन वाटणार नाही. प्रत्यक्ष इंग्रजी लेखनातील बहुसंख्य पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ने येणारा कर्ता नसतोच, आणि आपले स्वाध्याय मात्र ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ यासारखी वाक्ये तयार करून घेतात, जी कोणी इंग्रज आयुष्यात उच्चारणार नाही. असल्या वाक्यांवर मुलांचे किती तास जातात याचा विचार केला की वाईट वाटते.

अप्रत्यक्ष कथनाची गोष्टही अशीच आहे. मराठीत ‘आई म्हणाली की मी उद्या येते’ हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. ‘की’नंतरही आपण आईचे शब्द, आईचा ‘मी’ आणि आईचा ‘उद्या’ तसेच ठेवतो. इंग्रजीत ‘दॅट’ आले की सांगणारा स्वतःच्या जागेवरून बोलू लागतो, त्यामुळे आईचा ‘मी’ हा ‘शी’ होतो, ‘उद्या’चा ‘द नेक्स्ट डे’ होतो आणि येण्याची क्रियाही मागच्या काळात सरकते. ‘शी सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहिणारा मुलगा अज्ञानातून नव्हे, तर उत्तम मराठीतून चुकतो आहे. त्याला सर्वनामे आणि काळ बदलण्याचा तक्ता देण्याऐवजी, निरोप पोचवण्याचा खेळ द्या : एकाने शाळेच्या फाटकाशी काही सांगायचे, दुसऱ्याने दोन दिवसांनी ते वर्गात इंग्रजीतून कळवायचे. दोन दिवस उलटले की ‘टुमॉरो’ खोटे ठरते, आणि शब्द का बदलतो ते त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आर्टिकलविषयी तुम्ही वेगळे विचारलेले नाही. तरीही लिहितो, कारण मराठीत आर्टिकल नाही म्हणून मुलांना ते कधी येणारच नाही अशी हताश समजूत शिक्षकांतही आढळते. ‘डॉक्टर बोलाव’ आणि ‘डॉक्टरांना बोलाव’ या दोन वाक्यांतील फरक मुलांना विचारून पाहा. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल; दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक ठरावीक डॉक्टर आहे. हीच जाण इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’मधून व्यक्त करते. ऐकणाऱ्याला ‘कोणता?’ असे विचारावे लागेल का, ही एक कसोटी निम्म्याहून अधिक वाक्यांना पुरते. नद्या, पर्वतरांगा आणि वर्तमानपत्रांच्या नावांचे नियम परीक्षेआधी सांगितले तरी बिघडणार नाही.

काळांबद्दल फार लिहीत नाही. ‘मी तो चित्रपट गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत चालते आणि इंग्रजीत ‘हॅव सीन’ला ‘लास्ट इयर’ चालत नाही, एवढा एक फरक नीट रुजवला तरी वह्यांतील लाल शाई बरीच कमी होईल.

आता शब्दांकडे वळू. इथे माझे मन अधिक रमते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘इंग्रजीत असेच असते’ हे उत्तर देण्याची गरज नाही. सी-एचचे उत्तर आहे, आणि ते इतिहासात आहे. इंग्रजीतील जुन्या, घरच्या शब्दांत त्या जोडीचा उच्चार च होतो : चाइल्ड, चिन, चिकन. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत क होतो : स्कूल, केमिस्ट्री, एको, स्टमक. फ्रेंचमधून पुढच्या काळात आलेल्या शब्दांत श होतो : मशीन, शेफ, पॅराशूट. म्हणजे उच्चार लहरीप्रमाणे बदलत नसून शब्द आपले मूळ गाव सांगतो. मुलांना तीन रकाने आखून द्या आणि धड्यात भेटणारा प्रत्येक सी-एचचा शब्द योग्य रकान्यात घालायला सांगा. वर्षभरात तो तक्ता भरेल आणि त्याच्या स्पेलिंगसाठी निराळे पाठांतर लागणार नाही.

मूक अक्षरांचेही तसेच. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दात बी का आहे? शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा ते अक्षर त्यात नव्हते; मूळ लॅटिन ‘डेबिटुम’ आहे हे दाखवण्याच्या हौसेने पंडितांनी ते मागाहून घातले आणि उच्चार मात्र जुनाच राहिला. बँकेच्या पासबुकातील ‘डेबिट’ हे त्याचेच भावंड आहे, असे सांगितले की बी लक्षात राहतो. ‘नो’, म्हणजे जाणणे, यातील के पूर्वी उच्चारला जात असे. आणि हे क्रियापद आपल्या ‘ज्ञा’ धातूचे सख्खे नातेवाईक आहे. आपण ‘ज्ञान’ लिहितो ज आणि ञ जोडून, पण म्हणतो ‘द्न्यान’. लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे, हा इंग्रजीचाच खोडसाळपणा नाही, हे मुलांना यातून दिसते आणि इंग्रजीबद्दलचा त्यांचा राग थोडा निवळतो.

या नात्याची गोष्ट सांगायला एक तासिका खुशाल खर्च करा. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाने आलेले असू शकत नाही, त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात मांडले. पुढे जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतील, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या घराण्यातल्या त्या भाषांतील, व्यंजनबदलांची नियमितता दाखवून दिली. तो नियम नववीचा मुलगा स्वतः शोधू शकतो. फळ्यावर एका बाजूला पितृ, पाद, पंच आणि दुसऱ्या बाजूला फादर, फूट, फाइव्ह लिहा. खाली दंत, दश, द्वि यांच्यासमोर टूथ, टेन, टू लिहा. आणि मागे उभे राहा. प चा फ आणि द चा ट झालेला कोणीतरी पाहीलच. मात्र याच वेळी एक सावधगिरी शिकवायला हवी, कारण शब्दांची नाती जुळवण्याचा नाद लागला की माणसे मोकाट सुटतात आणि जगातील प्रत्येक शब्द आपल्याच गावातून निघाल्याचे सिद्ध करू लागतात. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा ध्वनी जवळजवळ एक आणि अर्थही एक, तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. सारखे ऐकू येणे हा पुरावा नसतो. बदल नियमाने झालेला दिसणे आणि शब्दाचा लेखी प्रवास सापडणे हा पुरावा असतो. दोन्ही उदाहरणे एकाच तासाला दिलीत तर मुलांना व्युत्पत्तीही कळेल आणि पुरावा कशाला म्हणतात तेही.

उसन्या शब्दांची मराठीतील उदाहरणे तर तुमच्या स्टाफरूममध्येच आहेत. ‘पगार’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांचे ‘पगार’ हे क्रियापद लॅटिन ‘पाकारे’वरून आले, ज्याचा मूळ अर्थ शांत करणे, समाधान करणे असा होता, आणि त्याच लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘पे’ तयार झाला. शांततेचा वाचक ‘पीस’ हाही त्याच घराण्यातला. (महिनाअखेरीस या व्युत्पत्तीची सत्यता कोणत्याही शिक्षकाला पटेल.) उलट दिशेने गेलेला आपला शब्द म्हणजे मुंगूस. इंग्रजी ‘माँगूस’ हा मराठीतून गेलेला आहे, आणि म्हणून त्याचे अनेकवचन ‘माँगूसेस’ होते, ‘माँगीस’ होत नाही. हंसवर्गातील ‘गूस’शी त्याचे काही देणेघेणे नाही. अनेकवचनाचा नियम शब्दाच्या जन्मावर कसा अवलंबून असतो, हे यापेक्षा नेमके दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. ‘अंपायर’चेही असेच : मूळ फ्रेंच शब्द बरोबरीचा नसलेला, म्हणजे दोघांच्या बाहेरचा तिसरा, या अर्थाचा होता आणि इंग्रजीत तो ‘अ नंपायर’सारखा बोलला जात असे, ऐकणाऱ्यांनी त्यातील न आर्टिकलला जोडला आणि शब्द ‘ॲन अंपायर’ होऊन बसला. आर्टिकलच्या धड्यात हा किस्सा सांगा. वर्गातली क्रिकेटवेडी मुले ‘अ’ आणि ‘ॲन’ पुन्हा विसरणार नाहीत.

शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी याद्यांऐवजी घराणी शिकवा, आणि त्यासाठी मराठीच्या शिक्षकांची मदत घ्या. प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार ही माळ मुलांना मराठीच्या तासाला भेटलेली असते. उपसर्ग बदलला की धातू कुठल्या कुठे जातो हे त्यांना पटलेले असते. लॅटिनचा ‘डिक्ट’, म्हणजे बोलणे, असाच चालतो : डिक्टेशन, डिक्शनरी, प्रेडिक्ट, व्हर्डिक्ट, काँट्रॅडिक्ट. तो आपल्या ‘दिश्’ धातूचा नातलग आहे, ज्यापासून आदेश, उपदेश आणि निर्देश झाले. काँट्रॅडिक्ट हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

शब्दांचे थर आणि मन वळवणारी भाषा यांना जोडणारा दुवा इथेच सापडतो. १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली. म्हणून कोर्ट, जज, जस्टिस, प्रिझन हे शब्द फ्रेंच आहेत, तर खाणेपिणे, घरदार, नातीगोती आणि शेतीभाती यांचे बरेचसे शब्द जुने इंग्रजी आहेत. आपल्याकडे हेच फारसीने केले : वकील, दावा, फिर्याद, अर्ज, हुकूम, जामीन. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि रघुनाथपंत हणमंत्यांनी कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे मुलांनी इतिहासात वाचलेले असते. राज्यकर्ता शब्द का बदलू पाहतो, हा प्रश्न त्यांना विचारा. शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचा दर्जा, त्याची जवळीक आणि त्याचा दरारा ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो, हे त्यातून निघेल. शाळेत मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशाची प्रत असेल तर तीही काढा. त्यात शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी असे मूळ दाखवणारी अक्षरे छापलेली आहेत, आणि एखाद्या सरकारी पत्रातील दहा शब्दांची मुळे त्यात शोधणे हा उत्तम गृहपाठ आहे.

मग इंग्रजीकडे या. ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’, ‘आस्क’ आणि ‘इन्क्वायर’ या जोड्यांतील पहिला शब्द घरचा, दुसरा फ्रेंच-लॅटिन. मित्राला हेल्प मागतात. कार्यालयाला असिस्टन्सची विनंती करतात. ४ जून १९४० रोजी ब्रिटिश संसदेत चर्चिल यांनी केलेल्या भाषणाच्या प्रसिद्ध शेवटात ‘वी शॅल फाइट’ पुन्हा पुन्हा येते, आणि त्या ओळींतील बहुतेक शब्द आखूड, जुने, घरचे आहेत. ‘आम्ही कधीही शरण जाणार नाही’ या अर्थाच्या वाक्यातील ‘सरेंडर’ मात्र फ्रेंच वंशाचा आहे. वक्त्याने हे मोजूनमापून केले असेल असे माझे म्हणणे नाही. परिणाम मात्र कानाला जाणवतो.

मुलांना मन वळवणाऱ्या भाषेचा नमुना द्यायचा असेल तर मी चर्चिलपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण निवडीन. ते मूळ इंग्रजीत आहे, त्याचा विषय मुलांच्या नागरिकशास्त्रात आहे आणि त्यातील एक परिच्छेद फळ्यावर मावतो. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत, असे ते सांगतात. ‘अ लाइफ ऑफ काँट्रॅडिक्शन्स’ हे त्यांचे शब्द. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशी दोन टोके ते एकाच वाक्यात आणतात. मग प्रश्न येतात : ‘हाउ लाँग शॅल वी कंटिन्यू टु लिव्ह धिस लाइफ ऑफ काँट्रॅडिक्शन्स?’ आणि लगोलग ‘हाउ लाँग शॅल वी कंटिन्यू टु डिनाय इक्वॉलिटी इन अवर सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ?’ यानंतर ‘इफ’ने सुरू होणारे वाक्य येते : ही समता आपण दीर्घकाळ नाकारत राहिलो तर आपली राजकीय लोकशाही धोक्यात घालूनच ते करू. आता तुमची सारी शिकवण या चार-पाच वाक्यांवर लावून पाहा. काँट्रॅडिक्शन, म्हणजे एकाच्या विरुद्ध दुसरे बोलणे, हा शब्द का? डिनाय या क्रियापदाचा कर्ता कोण? वक्त्याला ‘इक्वॉलिटी इज डिनाइड’ असे पॅसिव्ह लिहून कर्ता सहज टाळता आला असता. त्यांनी तो टाळला नाही, ‘वी’ असे म्हटले आणि सभेतील प्रत्येकाला त्या क्रियापदाला बांधून टाकले. दोन प्रश्नांची सुरुवात सारखी आहे, पण पहिल्यात आपण एक जीवन जगतो आहोत आणि दुसऱ्यात काहीतरी नाकारतो आहोत. म्हणजे पहिल्या प्रश्नातील परिस्थिती दुसऱ्यात कृती झाली. व्हॉइसचा धडा यासाठी शिकायचा असतो.

याच ‘वी’वर मराठी मुलांना एक फायदा आहे आणि तो बहुतेक कोणी वापरत नाही. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन. ऐकणाऱ्याला आत घेणारा एक, बाहेर ठेवणारा दुसरा. म्हणून इंग्रजी भाषणातील किंवा जाहिरातीतील प्रत्येक ‘वी’ मराठीत आणताना मुलाला ठरवावेच लागते. बाबासाहेबांचा ‘वी’ निःसंशय ‘आपण’ आहे. एखादी कंपनी ‘वी केअर’ म्हणते तेव्हा तो ‘आम्ही’ असतो. आणि एखादा पुढारी ‘वी मस्ट मेक सॅक्रिफायसेस’ म्हणतो तेव्हा तो ‘आपण’सारखा ऐकू येतो, पण त्याग कोण करणार याचा शोध घेतला तर बहुधा त्याचा अर्थ ‘तुम्ही’ निघतो. जाहिरातींतील ‘अप टु’ आणि ‘हेल्प्स’ हे शब्दही याच तासाला घ्या : ‘पन्नास टक्क्यांपर्यंत सवलत’ या वाक्यातील ‘पर्यंत’ कोणाच्या सोयीचा आहे, हे मुले तुमच्याआधी सांगतील.

तुमचा वर्ग ठरावीक भाषण लिहितो याचे कारण त्या भाषणाला कोणी खरा श्रोता नाही. ‘वृक्षांचे महत्त्व’ या विषयावर कोणाचे मन वळवायचे आहे? झाडांच्या विरोधात वर्गात कोणी बसलेलेच नाही. त्यापेक्षा शाळा सुटण्याची वेळ आणि शेवटच्या एसटीची वेळ जुळत नाही, असा एखादा खराखुरा प्रश्न घ्या. तो तुमच्या गावात नसेल तर दुसरा असेलच. एका गटाने आगार व्यवस्थापकांना औपचारिक पत्र लिहावे, दुसऱ्याने ग्रामसभेपुढे करायचे भाषण, तिसऱ्याने ही वेळ बदलू नये असे म्हणणाऱ्या प्रवाशाची बाजू. आधी वाद मराठीत होऊ द्या, मुद्दे मराठीत फळ्यावर येऊ द्या, आणि मगच इंग्रजीत लिहायला बसवा. विचार आणि परकी भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शोधाव्या लागल्या की हात थांबतो, आणि तुमच्या वर्गात तेच होते आहे. पत्रात ‘रिक्वेस्ट’ येईल, भाषणात ‘आस्क’. पत्रात कदाचित पॅसिव्ह शोभेल, भाषणात ‘आपण’ अर्थाचा ‘वी’ लागेल. कोणते का निवडले, हे प्रत्येक गटाने दोन वाक्यांत सांगायचे. ती दोन वाक्ये मराठीत आली तरी चालतील.

परीक्षेची काळजी रास्त आहे. पण दहावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत केवळ रूपांतराला मिळणाऱ्या गुणांपेक्षा उतारे समजून घेणे आणि स्वतः लिहिणे यांचे गुण कितीतरी अधिक आहेत. रूपांतराचा यांत्रिक सराव परीक्षेच्या आधीचे काही आठवडे केला तरी पुरतो, आणि ज्याला वाक्याचे प्रयोजन कळले आहे त्याला तो लवकर जमतो. एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगतो : तुलनेने भाषा समजते, ती येते ती वाचून आणि ऐकून. रोज दहा मिनिटे मोठ्याने इंग्रजी वाचन झाले नाही, तर वर सांगितलेले सगळे केवळ रंजक माहिती म्हणून उरेल.

राहिला वह्या तपासण्याचा प्रश्न. तो तुम्ही विचारलेला नाही, पण हे सारे सुरू केलेत की तो येणारच, कारण मुले स्वतःचे लिहू लागली की चुका वाढतात. एका लेखनात एकाच प्रकारची चूक धरा. या पंधरवड्यात क्रियापदाचा काळ, पुढच्या पंधरवड्यात आर्टिकल. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्यांना लाल शाई लावू नका, आणि कोणती चूक तपासणार आहात ते मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे वही देण्यापूर्वी तीच चूक ती स्वतः शोधतील. मुख्याध्यापकांनी किंवा पालकांनी न तपासलेल्या चुकांबद्दल विचारले, तर वहीच्या पहिल्या पानावर त्या पंधरवड्याचा विषय लिहिलेला असू द्या.